पदूची व्हॅन आणि आक्काच्या लोंब्या

कुंभिवलीत रस्त्याकडेच्या घरांसमोर आता उंच उंच गाड्या उभ्या असतात. जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, आणि ज्या अंगणांत बैल बांधलेले असत तिथं काळ्या काचांच्या गाड्या आल्या. त्या ओळीत अगदी शेवटी, डांबर संपून शेताची वाट सुरू होते तिथं, पदू ठोंबरेचं घर आहे. घराला चिकटून पत्र्याची शेड. शेडमध्ये एका बाजूला भाताची पोती आणि पेंढा, दुसऱ्या बाजूला पांढरी व्हॅन. पंधरा वर्षांपूर्वी कोरी घेतली तेव्हा ती खरोखरच पांढरी होती. आता तिचा रंग ताकासारखा झाला आहे आणि दाराच्या खालच्या कडेला गंजानं नक्षी काढली आहे.

पदूचं कागदावरचं नाव पद्माकर. मोहोपाड्याच्या कंपनीतलं हजेरीपत्रक सोडलं तर ते कुणीच वापरलं नाही. त्या कंपनीत त्यानं बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. बॉयलरवरच्या माणसाला कान देऊन ऐकायची सवय लागते, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय काही कंपनीत जमा करता येत नाही. घरात कुकरची शिटी लांबली की पदू ओटीवरूनच सांगायचा, "रिंग गेलीय गं." त्याची बायको चिमा म्हणायची, "रिंग नाय गेली, डाळ जुनी हाय." पण पुढच्या बाजाराला ती रिंग घेऊन यायचीच.

व्हॅन तशी सगळ्यांच्याच कामाची. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचं लग्नाचं सामान आणायचं, पदू नाही म्हणत नसे. पण ती व्हॅन ठेवण्याचं खरं कारण वर्षातून दोनच दिवसांचं होतं. घटस्थापनेला कर्जतच्या पलीकडे, कडावच्या अंगाला जाऊन थोरल्या बहिणीला माहेरी आणायचं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत पोचवायचं.

थोरली बहीण म्हणजे धोंडूबाई. पदू तिला आक्का म्हणतो. दोघांत बारा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा पदू चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, शाळेच्या वाटेवर ओढ्यापलीकडे सोडून येणं, सगळं आक्कानं केलं. तिचं लग्न झालं तेव्हा पदू बैलगाडीमागं इतका धावला की शेवटी वरबापानं त्यालाही गाडीत घेतलं आणि आठ दिवसांनी परत पाठवलं. ही गोष्ट दर नवरात्रात आक्का एकदा तरी सांगते, आणि त्रेसष्ट वर्षांचा पदू दर वेळी मान खाली घालून हसतो.

अकरा वर्षांपूर्वी लावणीच्या वेळी आक्का बांधावरून घसरली. डाव्या मांडीत सळी घातली, हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. पाय लाकडासारखा सरळ राहिला. तेव्हापासून ती रिक्षात मावत नाही, एसटीच्या पायऱ्या चढत नाही, आणि साध्या गाडीत पुढच्या-मागच्या सीटमधल्या चिंचोळ्या जागेत तिचा पाय बसत नाही. पदूच्या व्हॅनचं दार मात्र सरकतं. आत मागच्या सीटपुढं ऐसपैस मोकळी जागा. खाली पाट ठेवायचा, आक्कानं पाठमोरं होऊन सीटच्या कडेला टेकायचं, दोन्ही हातांनी वरची मूठ धरून स्वतःला आत ओढून घ्यायचं, मग तो सरळ पाय तसाच सरळ आत आणायचा. कुणी हात लावायचा नाही. कुणी हात पुढं केलाच तर, "बाजूला हो रं, मी काय दळन हाय काय?"

गेल्या वर्षी नेमकी घटस्थापनेला व्हॅन बंद पडलेली होती. पदूचा मुलगा कमलेश नवी गाडी घेऊन गेला. गाडी उंच. आक्काला पाट ठेवून जमेना, खुर्ची ठेवून जमेना. शेवटी कमलेशनं आणि आक्काच्या मुलानं, गजानं, तिला दोन्ही काखांत धरून उचललं आणि आत ठेवलं. आळीतल्या बायका ओट्यांवरून बघत होत्या. पळसदरी गेली, खोपोली गेली, आक्का एक शब्द बोलली नाही. कुंभिवलीत उतरवल्यावर पदर सारखा करत एवढंच म्हणाली, "पदू, पुढल्या साली मला न्यायला येऊ नको. पोत्यासारखी चढवून माहेरी आनायची हौस फिटली माझी."

दसऱ्यापर्यंत व्हॅन दुरुस्त होऊन आली, परतीला आक्का व्हॅनमधूनच गेली. पण ते वाक्य पदूच्या कानात राहिलं.

आणि यंदा गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात, खालापूरहून येताना, व्हॅननं रस्त्यातच डोळे मिटले. आधी हॉर्न गेला, मग काट्यांचे दिवे, मग इंजिनच थांबलं. किल्ली फिरवली तर टकदेखील झालं नाही. पदूनं स्टिअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ ऐकलं. ऐकण्यासारखं काही नव्हतं. ओळखीच्या एका टेंपोनं दोरखंडानं टोचन करून गाडी कुंभिवलीच्या नाक्यावर जगदीश मिस्त्रीच्या गॅरेजात आणून टाकली.

जगदीश पन्नाशीचा, बोलायला तिखट आणि हाताला स्वच्छ. गाडीखाली जाऊन तो दहा मिनिटांनी बाहेर आला तो हातात गंजलेल्या पत्र्याचा पापुद्रा घेऊनच.

"पदूदादा, ह्यो तुमचा फ्लोअर. ब्रेकची लायनर गेलीत. टायर चारी गुळगुळीत. वायरिंगचं तर भुसकट झालंय, गेली चार वर्सं मी ठिगळं लावतोय. आनि मार्गशीर्षात पंधरा वर्सं भरतात, पनवेलला पुन्हा पासिंग. अशी नेली तर तिथले सायेब दारातनंच परत पाठवतील."

"सगळं करायचं तर?"

"रंगासकट? पंचावन्न हजार."

"आनि विकायची तर?"

जगदीशनं व्हॅनकडं पाहिलं, मग पदूकडं पाहिलं. "भंगारवाला तीस देईल. त्यो पन तुमचा मान ठेवून."

त्या रविवारी कमलेश रसायनीहून आला होता. तिथल्या कॉलनीत तो बायको ऋतिकाबरोबर राहतो आणि दर रविवारी आईच्या हातचं जेवायला येतो. जेवताना विषय निघालाच.

"बाबा, तीस हजाराच्या गाडीत पंचावन्न हजार घालायचे, हा हिशेब मला कुनीतरी समजावून सांगा," तो म्हणाला. "कधीमधी लागते ना गाडी? मी हाय, भाड्याची गाडी हाय. फोन केला की दारात."

"आक्का बसंल त्यात?"

कमलेशनं भाकरीचा तुकडा मोडला. गेल्या वर्षीचं ते उचलणं त्यालाही विसरता आलं नव्हतं. हळूच म्हणाला, "मग जुनीच घ्यायची तर ह्याच्यापेक्षा बरी जुनी व्हॅन बघू. सात-आठ वर्सांची मिळंल."

"पितृपंधरवडा लागतोय," चिमा भाकरी थापता थापता म्हणाली. "आता नवीन काय घ्यायचं नाय."

"आई, मी जुनी घ्या म्हनतोय."

"घरात नवीनच ना ती? जुनं नीट करायला मात्र पितर काय बोलत नायत." मग तिनं पदूकडं मोर्चा वळवला. "पन तुमीबी ऐका. मागल्या पडवीवर पत्रा टाकायचा म्हनून पैसे ठेवलेत. दोन पावसाळं मी तिथं छत्री लावून भांडी घासतेय. गाडी शेडमधी कोरडी ऱ्हाते, आनि मानूस भिजतं."

"पत्रा पन होईल."

"कशातनं? गाडीच्या रंगातनं?"

ऋतिका हसली. पदूही हसला, पण त्याचं मन तिथं नव्हतं.

पदूला असले प्रश्न नवीन नव्हते. बॉयलर जुना झाला की कंपनीतले मोठे साहेब हाच प्रश्न घेऊन त्याच्याकडं यायचे: आणखी किती चालेल, किती घालायचे? पदू तेव्हा कागदाच्या दोन बाजू करायचा. एका बाजूला ज्यानं माणूस मरतो ते: सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची पातळी दाखवणारी काच, नळ्या. तिथं घासाघीस नाही. दुसऱ्या बाजूला ज्यानं फक्त वाईट दिसतं ते. आणि सगळ्यात खाली एक ओळ: अमुक गेलं की बंद, मग पुन्हा चर्चा नाही. ही शेवटची ओळ आधीच लिहून ठेवायची असते. मोडल्यावर लिहायला बसलं की माणसाचा हात आखडत नाही, तो पैसे घालतच जातो, हे त्यानं साहेबांनाही सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी तो तसाच कागद खिशात घालून गॅरेजात गेला. एका बाजूला ब्रेक, फ्लोअर, टायर, वायरिंग. दुसऱ्या बाजूला रंग, सीट कव्हर, दाराची नक्षी. खाली: इंजिन उघडायची वेळ आली की सोडायची.

"एवढं तिसात होईल?"

"बत्तीस. तुमी म्हनून तीस," जगदीश म्हणाला. त्यानं कागद वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि मान हलवली. "अशी लिहून आननारी गिऱ्हाईकं मिळाली तर माझं निम्मं भांडन वाचंल. पन एक सांगू? ब्रेक, टायर, पत्रा, तुमी म्हनाल तसं. वायरिंगचं आधी माझं ऐका. हिकडं या."

त्यानं डॅशबोर्ड उघडून ठेवला होता. आत, तारांच्या गुंत्यात, नारळाएवढं एक घरटं होतं. सीटचा कापूस, पिशव्यांचे तुकडे, आणि सगळीकडं भाताची फोलपटं. तारांवरचं प्लॅस्टिक कुरतडून तांबं उघडं पडलेलं.

"उंदीर," पदू म्हणाला. "शेडमधला. पोती असतात ना बाजूला."

"पदूदादा, शेडमधला उंदीर शेडमधी खाईल. शंभर किलो भात सोडून गाडीत बिऱ्हाड कशाला करील त्यो? त्याला गाडीतच खायला मिळतंय. गाडीतनं भात नेता काय?"

"नाय रं. रिकामं पोतंबी मी गाडीत ठेवत नाय."

"मग शोधा. कारन आज मी नवीन वायरिंग टाकीन, नऊ हजार घेईन, आनि पुढल्या साली तुमी पुन्हा इथंच उभे ऱ्हाल. उंदीर थांबवायचं काय ते आधी ठरवा. नायतर टाकूच नका पैसे."

पदू व्हॅनच्या मागच्या भागात गेला. सीटखाली पाहिलं, चटई उचलली, कोपरे चाचपले. मग सरळ होताना त्याचं डोकं सरकत्या दाराच्या वरच्या मुठीला लागलं, आणि मुठीला बांधलेलं काहीतरी खुळखुळलं.

ते आक्काचं नवं होतं.

दसऱ्याला हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं एकत्र बांधून जुडी करतात, तिला इथं नवं म्हणतात. घराच्या दाराला बांधतात, देवाला वाहतात, विळ्या-कोयत्यांना लावतात. पाय मोडल्यापासून आक्का दर दसऱ्याला एक जुडी व्हॅनलाही बांधायची, आणि तीसुद्धा ती ज्या मुठीला धरून आत चढते, नेमकी त्याच मुठीला. "हिनं मला माहेरी आनली," म्हणायची आणि गाठ मारायची. घराच्या दारावरचं नवं पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच राहतं. तसंच पदूनं गाडीतलंही राहू दिलं. दर वर्षी आक्कानं जुनं सोडायचं, नवं बांधायचं. मधल्या काळात त्याला कुणी हात लावला नाही.

पदूनं एक लोंबी बोटांत धरून दाबली. दाणा रिकामा. दुसरा रिकामा. दिसायला जुडी भरलेली होती, पण एकेका दाण्याला बारीक भोक पाडून आतलं सगळं नेलेलं होतं.

त्याला चार वर्षांच्या दुरुस्त्या ओळीनं आठवल्या. वायपर, हॉर्न, मागचे दिवे. सगळ्या दिवाळीनंतरच्या. गेल्या वर्षी ऐन घटस्थापनेला गाडी बंद पडली आणि आक्काला उचलून आणावं लागलं, तेही ह्याच्यामुळंच. जिच्यामुळं माहेर मिळतं त्या गाडीला तिनं लोंब्या बांधल्या, आणि त्याच लोंब्यांनी तिची गाडी बंद पाडली होती.

"मिळालं?" जगदीशनं विचारलं.

पदूनं जुडी सोडून त्याच्या हातात दिली. जगदीशनं उलटसुलट करून पाहिली, आणि कधी नव्हे ते त्याला विनोद सुचला नाही. "आता?" म्हणाला.

"वायरिंग टाक."

"आनि हे?"

"ते माझं मी बघतो. तू कुनाला बोलू नको."

घटस्थापनेच्या दिवशी पदू व्हॅन घेऊन निघाला. टायर कमलेशनं घेतले होते; "आत्याला माझ्याकडनं," एवढं म्हणून गेला आणि वर काही बोलला नाही. नव्या ब्रेकला पाय सवयीपेक्षा हलका टाकावा लागत होता. पळसदरीच्या उतारावर पदूनं कान देऊन ऐकलं. वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, इंजिनाचा घरच्या माणसासारखा आवाज. बाकी काही नाही.

आक्काच्या दारात व्हॅन उभी राहिली तेव्हा ती नेसून, पिशवी भरून, काठी टेकवून ओट्यावर बसलेली होती. पुढल्या साली येऊ नको म्हणालेली बाई पहाटेपासून तयार आहे, हे गजानं हळूच सांगितलं. पाट ठेवला. आक्का पाठमोरी झाली, सीटला टेकली, हात वर केला आणि थांबली.

"यंदा नवं दिसत नाय रं मुठीला?"

"मिस्त्रीनं गाडी धुतली, आक्का. भिजलं असंल."

आक्कानं काठी आत ठेवली. मूठ धरून तिनं स्वतःला आत ओढलं, पाय सरळ ठेवला, दार सरकवून घेतलं. कर्जतचा पूल येईपर्यंत पदूला आरशात तिचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर काय आहे ते कळत नव्हतं. त्यानं आयुष्यात आक्काला फारशा थापा मारल्या नव्हत्या. लहानपणी मारलेली प्रत्येक थाप तिनं त्याच दिवशी पकडली होती.

ते दहा दिवस पदूला लांब वाटले. आक्का रोज घटाला पाणी घालायची, उगवलेलं रोप बोटानं मोजायची, चिमाबरोबर भाजी निवडत बसायची. पडवीवर पत्रा अजून आला नव्हता, पण त्यासाठीचे पैसे डब्यात शाबूत होते, हे चिमानं आक्काला दोनदा सांगून झालं होतं. पदू मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा. आक्का, यंदा गाडीला बांधू नको. का रं? उंदीर येतात. म्हणजे माझ्यामुळं गाडी बिघडली? नाही. हे वाक्य काढता येत नव्हतं. मग त्यानं दुसरं ठरवलं: तिनं बांधलं की बांधू द्यायचं, आणि ती गेल्यावर सोडून टाकायचं. पण तिला रस्त्यात तसंच घेऊन जायचं आणि पोचवून येताना सोडायचं, हे त्याला चोरासारखं वाटत होतं. आणि पुढल्या वर्षी मूठ पुन्हा रिकामी दिसली तर काय सांगायचं?

दसऱ्याला सकाळी पदू शेतात जाऊन हळव्या भाताच्या लोंब्या घेऊन आला. आक्कानं ओटीवर बसून जुड्या बांधल्या. दाराला झाली, देवाला झाली, कोयत्यांना झाली. शेवटची, जरा मोठी, तिनं हातात धरली आणि काठी टेकवत व्हॅनपाशी आली. दार सरकवलं. मुठीला गाठ मारली. "हिनं मला माहेरी आनली," म्हणाली.

संध्याकाळी सोनं वाटायला माणसं येऊन गेली. चिमा आत होती. आक्का ओटीवर पाय पसरून बसली होती. पदू शेडमध्ये गेला, उगाच टायर दाबून पाहिला, मग दार सरकवून मुठीकडं हात नेला. आतलं काही खाल्लं जायच्या आधी निदान आजच्या रात्रीपुरतं सोडून घरात टांगावं, सकाळी पुन्हा बांधावं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं.

"काय करतोस रं?"

ओटीवरून शेड सरळ दिसते हे तो विसरला होता.

पदू जुडी हातात घेऊन तसाच तिच्यापुढं येऊन उभा राहिला. ओढ्याशी मासे धरताना पकडला गेल्यावर उभा राहायचा तसाच. आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरून म्हणाला, "आक्का, ह्यात उंदीर येतो. वायरी खातो. गेल्या साली गाडी त्यानंच बंद पडली. मिस्त्री म्हनतो, हे थांबलं नाय तर गाडीवर पैसे घालून उपेग नाय. मी तुला सांगनार नव्हतो."

आक्कानं जुडीकडं बोट केलं.

"उंदीर नवं खायला येतो?"

"हां."

"कवा? दसऱ्याला बांधते ते कवा खातो?"

"दिवाळीपासनं. मग वरीसभर."

"वरीसभर?" आक्का एकदम पुढं झुकली. "म्हंजी तू ते वरीसभर ठेवतोस?"

"तू पुढल्या साली सोडतेस ना? मला वाटलं, दाराच्यासारखं..."

"अरं, मी सोडते ते मला तसंच लोंबलेलं दिसतं म्हनून! मला वाटायचं, हा आळशी, ह्यानं काढलं नाय." आक्काचा आवाज चढला. "दाराचं वरीसभर ऱ्हातं, पदू. गाडीचं नाय. बाबा नांगराला नवं बांधायचे, ठावं हाय?"

"नाय."

"कसं ठावं असंल, तू शेंबडा होतास. नांगराला बांधायचे, बैलगाडीला बांधायचे. आनि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडून बैलाला चारायचे. जे वढतं त्याला खायला द्यायचं. ते काय शोभेला असतं?" ती थांबली. मग तिच्या पोटातून हसू वर आलं, आणि ते आवरेना. "चिमे! ए चिमे! बाहेर ये गं! तुझ्या नवऱ्यानं अकरा वर्सं उंदराला दसरा घातला!"

चिमा हात पुसत बाहेर आली. सगळं ऐकल्यावर तिनं आधी कपाळाला हात लावला आणि मग तीही खांबाला टेकून हसायला लागली. "बॉयलर सांभाळला म्हनं बत्तीस वर्सं," ती म्हणाली. "कंपनी उडाली नाय हे नशीब."

पदू मधोमध उभा. त्याला हसावं की रागवावं कळेना. शेवटी तो ओटीच्या पायरीवर बसला. आक्कानं त्याच्या हातातली जुडी घेतली, विस्कटलेली पानं नीट केली.

"आनि तू मला सांगनार नव्हतास," ती हसू थांबल्यावर म्हणाली. "मिस्त्री गाडी धुतो म्हनं."

"तुला वाईट वाटंल म्हनून."

"उचलून टाकली तवा वाईट वाटलं. हे सांगून टाकायचं, ह्याचं काय वाईट वाटायचं?" तिनं जुडी त्याच्याकडं परत दिली. "बांध पुन्हा. उद्या सकाळी आपन सोडू."

"बैल कुटं हाय आक्का? आपले बैल जाऊन तीस वर्सं झाली. अख्ख्या कुंभिवलीत बैल नाय."

"माझ्या दारात हाय ना."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला व्हॅन कडावच्या अंगाला पोचली. वाटेत कर्जतला पदूनं आक्काला विचारलं होतं, चहा घ्यायचा का. तिनं सांगितलं होतं, थांबू नको, सरळ चल. जुडी मुठीवर झुलत होती. दारात व्हॅन थांबली, गजा पाट घेऊन पुढं आला.

"पाट नको अजून," आक्का आतूनच म्हणाली. "चांद्याला आन हिकडं."

"कशाला गं आये? आत बांधलाय त्यो."

"आन म्हनते ना!"

गजानं गोठ्यातून बैल आणला. आळीत आता ही एकच जोडी उरली आहे, त्यातला हा थोरला, चांद्या. त्याला गाडीची सवय नव्हती. दोन पावलं मागं गेला, मग वासानं पुढं आला. पदूनं दार पूर्ण सरकवलं. आक्कानं बसल्या जागेवरून, सरळ पाय तसाच पसरलेला, हात वर करून गाठ सोडली. आंब्याची पानं आणि फुलं वेगळी काढून तिनं मांडीवर ठेवली आणि लोंब्या तळहातावर घेऊन दाराबाहेर धरल्या. बैलानं मान आत घातली. नाकपुड्यांच्या फुत्कारानं तिचा पदर हलला. खरखरीत जिभेनं एकेक लोंबी ओढून तो खायला लागला, आणि आक्का त्याच्या कपाळावर दुसरा हात ठेवून बसली.

आळीतल्या बायका ओट्यांवर आल्या होत्या. ह्या वेळी त्यांना बघू द्यायला आक्काची काही हरकत दिसली नाही.

बैल बाजूला झाल्यावर पाट आला. आक्का कडेला सरकली, मूठ धरली, आणि कुणाचा हात न घेता जमिनीवर उभी राहिली.

"पुढल्या साली सकाळी लवकर ये," काठी सावरत ती म्हणाली. "दुपारचं उन्हाचं नको वाटतं. आनि इंजिन उघडायची वेळ आली तर मला आधी सांग. मिस्त्रीला नंतर."

"तुला कुनी सांगितलं इंजिनाचं?"

"चिमानं. कागद दाखवला तुझा. अक्षर अजून तसंच हाय, बदकाच्या पायासारखं."

ती घरात गेली. पदूनं दार लावण्याआधी आत वाकून पाहिलं. चटईवर चार-पाच दाणे सांडले होते, एक सीटच्या फटीत अडकला होता. त्यानं गुडघे टेकले आणि ते एक एक करून वेचले. फटीतला निघेना, तेव्हा खिशातला कागद दुमडून त्याच्या टोकानं काढला. मग ते सगळे त्यानं चांद्यापुढं नेऊन टाकले, हात झटकले आणि गाडीत बसला.